यादीत आप्पा न्हाईत

सुविधा मधाळे दमलेली बाई आहे. आजारी नव्हे, दुःखी नव्हे, दमलेली. बेळगावात खासबागेतल्या तिच्या ऑफिसचा जिना एकोणीस पायऱ्यांचा. बाराव्या पायरीवर ती थांबते, पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते आणि खालच्या यंत्रमागांचा खटखटाट ऐकत उभी राहते. गुडघे दुखतात म्हणून थांबते, असं विचारणाऱ्याला सांगते. खरं कारण म्हणजे वर भरमाण्णा असतो, आणि काही माणसांच्या पुढ्यात जायचं तर आधीच थोडा विसावा घेतलेला बरा.

भरमाण्णा तिचा मालक. खानापूरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. कॉम्प्युटरमधलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण समोरच्याला बोलून गार करण्यात पटाईत. धंदा याद्यांचा. सोसायट्या, पतपेढ्या, पंचायती, संस्था, सगळ्यांच्या नावांच्या याद्या मराठीतून कानडीत आणि कानडीतून मराठीत करून द्यायच्या. बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात माणूस एक असला तरी त्याचं नाव दोन लिप्यांत लागतं. त्यामुळं या धंद्याला मरण नाही, असं भरमाण्णा म्हणतो, आणि ते मात्र खरं आहे.

सुविधा निपाणीची. आई तानीबाई दारात सूप मांडीवर घेऊन बिड्या वळायची. वडील तंबाखूच्या वखारीत, चाळीस वर्षं. त्यांच्या गल्लीतून कॉम्प्युटरची पदवी घेणारी ही पहिली. तेव्हा गल्लीनं पेढे वाटले, बुद्धविहारात सत्कार केला, आणि आता ही पुण्याला जाणार, तिथून अमेरिकेला जाणार, असं ज्यानं त्यानं ठरवूनही टाकलं. ही आली खासबागेत. लग्नानंतर आडनाव माहेरचंच ठेवलं, नवरा मच्छे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात पाळीवर, घर अनगोळला भाड्याचं, मुलगी बारावीला. एकोणीस वर्षं झाली. आता गल्लीतलं कुणी भेटलं की "अजून तिथंच हाईस व्हय?" असं विचारतं. ती "व्हय" म्हणते. याला दुसरं उत्तर तरी काय द्यायचं!

गेल्या वर्षी तिनं आईवडलांना अनगोळला आणलं, कारण वडलांचा डावा डोळा गेला.

त्या डोळ्याची गोष्ट नीट सांगायला पाहिजे. बिडी आणि तंबाखू कामगारांसाठी एक धर्मादाय संस्था दरवर्षी निपाणीला डोळ्यांचं शिबिर घेते. गावोगावच्या पंचायती-नगरपालिकांतून कामगारांची नावं येतात, त्यांची एक मोठी यादी होते, आणि त्या यादीत ज्याचं नाव त्याचं ऑपरेशन. वडलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तीन वर्षांपूर्वी म्हातारा पहाटे आंघोळ करून शिबिराला गेला आणि नाव नाही म्हणून परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा गेला, पुन्हा परत. सुविधा म्हणाली, आप्पा, खाजगी दवाखान्यात करू, माझ्याकडं आहेत तेवढे पैसे. म्हातारा बधला नाही.

"चाळीस वर्सं वखारीची धूळ खाल्ली मी. माझं नाव त्या यादीत पायजे. उपकार नको, हक्काचं पायजे. नाव लागल्याबिगर डोळ्याला हात लावू द्यायचो न्हाय."

हट्टी माणूस! रागानं सुविधानं दोन दिवस जेवण सोडलं, तरी हा ढिम्म. मोतीबिंदू पिकला, डोळ्यात दाब वाढला आणि एका महिन्यात डावा डोळा कायमचा विझला. डॉक्टर म्हणाले, उजव्याचं यंदा करा, पुढच्या वर्षावर ठेवू नका. म्हातारा म्हणाला, करू की, यंदा यादीत नाव आल्यावर.

आणि यातली खरी मेख अशी की ती यादी सुविधाच करत होती. पंचायतींची नावं तिच्याकडं यायची, तिनं लिहिलेला प्रोग्राम ती एकत्र करायचा, कानडीत फिरवायचा आणि यादी संस्थेकडं जायची. गेल्या वर्षी तिनं निपाणी नगरपालिकेकडून आलेल्या कागदात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: आण्णाप्पा मधाळे, वखार कामगार. नाव होतं. तरी शिबिराच्या यादीत नव्हतं, म्हणजे संस्थेतच कुणीतरी गाळलं. तिनं संस्थेत फोन लावला. तिथल्या रचना नावाच्या क्लार्कबाई म्हणाल्या, आमच्याकडं आलेल्या यादीत हे नाव नाही. सुविधा त्यांना नको नको ते बोलली. डोळे फुटलेत का, इथपर्यंत बोलली. त्या बाईनं शांतपणे फोन ठेवला.

यंदा शिबिर गुरुवारी. सोमवारी सकाळी अकराला सुविधा जिना चढून वर आली तर भरमाण्णा दारातच.

"म्याडम, संस्थेचं आलंय बघा. चाळीस नवी गावं घातल्यात. पाच वाजता नावं बंद करत्यात म्हणं."

"पाच? आजच?"

"आजच. लावा की प्रोग्राम."

"अण्णा, त्याला आठ तास लागतात. आत्ता लावला तर सात वाजतील."

"मग काय करायचं?" भरमाण्णा म्हणाला. "चाळीस गावं पुढच्या वर्सी म्हणून कळवू काय?"

चाळीस गावांच्या त्या नव्या गठ्ठ्यात निपाणीचीसुद्धा दुरुस्त केलेली यादी होती. वडलांचं नाव तिथूनच येणार होतं. सुविधानं डब्याची पिशवी टेबलाखाली ठेवली आणि खुर्चीत बसली. तिला ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही ताकद लागते.

प्रोग्राम का रखडतो ते तिला तीन वर्षांपासून माहीत होतं. तो तिनंच नऊ वर्षांपूर्वी लिहिला होता, तेव्हा नावं होती अठरा हजार, आणि तीन मिनिटांत काम व्हायचं. चहा सांगावा, चहा येईपर्यंत यादी तयार. आता नावं झाली होती दोन लाखांच्या वर. नावं बारा पट झाली, पण वेळ बारा पट झाला नाही, दीडशे पट झाला. प्रोग्राम अक्षरागणिक चालायचा. मराठी अक्षर घ्यायचं, त्याचं कानडी करायचं, आणि आधी तयार झालेल्या मजकुराला शेवटी जोडायचं. ऐकायला सरळ वाटतं. पण प्रोग्रामच्या भाषेत मजकुराची ही माळ, तिला स्ट्रिंग म्हणतात, एकदा झाली की झाली. तिच्या शेपटाला नवं अक्षर चिकटवता येत नाही. जोड म्हटलं की यंत्र नवी कोरी जागा घेतं, जुना सगळा मजकूर पहिल्यापासून तिथं उतरवून काढतं, मग ते एक अक्षर लावतं. पुढचं अक्षर आलं की पुन्हा नवी जागा, पुन्हा सगळं पहिल्यापासून. दोन लाखाव्या नावातला एक काना लावायला आधीची दोन लाख नावं उतरवून काढायची. आठ तास यंत्र काम करत नव्हतं, नक्कल करत होतं.

तिची आई असं करत नव्हती. आई बिडी वळायची आणि सुपात टाकायची. वळायची, टाकायची. कट्टा, म्हणजे जुडी, बांधायचा तो पंचवीस झाल्यावर, एकदाच. प्रत्येक बिडीला कट्टा सोडून परत बांधत बसली असती तर घरात चूल पेटली नसती. आईला शाळा चौथीपर्यंत. सुविधाला पदवी. असो.

हे कळत असूनही तिनं तीन वर्षं हात लावला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे. पुढच्या वेळी बघू. दमलेलं माणूस असंच म्हणतं, त्यात तिचं एकटीचं चुकलं असं नाही.

बारा वाजता घरून तानीबाईचा फोन आला.

"सुवी, तुझा बाप इचारतोय, नाव लागलं काय?"

"आई, बघतो गं. काम चालूच हाय."

"सकाळधरनं दारात बसलाय. नवी टोपी काढून ठेवलीया गुरुवारला. मला म्हणतोय, पोरगी हाय तिथं, यंदा कोण गाळतंय बघतो."

"जेवलेत काय?"

"न्हाय. तुझा फोन आल्यावर जेवतो म्हणतोय."

सुविधानं फोन ठेवला आणि कामाला बसली. अक्षरं मजकुराला जोडायची नाहीत, सुटीच ठेवायची, एका नावाची झाली की नाव बांधायचं. तयार झालेली नावंसुद्धा एका ओळीत सुटीच मांडून ठेवायची. आणि सगळं संपल्यावर, अगदी शेवटी, एकदाच एकत्र बांधायचं. लिहायला सोपं, पण जुन्या प्रोग्राममध्ये जोडण्या सतरा ठिकाणी होत्या आणि प्रत्येक ठिकाणी हात घालावा लागत होता. डबा तसाच राहिला. भरमाण्णा दोनदा येऊन पाठीमागं उभा राहिला, आणि दुसऱ्यांदा तिनं मागं न बघताच "अण्णा, उजेड सोडा" म्हटल्यावर निघून गेला.

पावणेदोनला तिनं प्रोग्राम लावला. अठ्ठेचाळीस सेकंद. आठ तासांचं काम अठ्ठेचाळीस सेकंदांत! दुसरी कुणी असती तर टाळी वाजवली असती. सुविधाला एवढंच वाटलं की हे तीन वर्षांपूर्वी केलं असतं तर किती दिवस वेळेवर घरी जाता आलं असतं.

आता नावं सुटी मांडलेली होती, त्यामुळं ती मोजता येत होती. जुन्या पद्धतीत शेवटी एकच लांबलचक मजकूर हातात यायचा, ती फाईल उघडली की मशीन गपगार, म्हणून कुणी कधी उघडून बघत नसे. तिनं सहज मोजलं. आत आलेली नावं, दुबार वगळून, दोन लाख सोळा हजार दोनशे चार. बाहेर पडलेली दोन लाख चौदा हजार आठशे ब्याण्णव.

तेराशे बारा कमी.

तिनं पहिल्यांदा वडलांचं नाव शोधलं. आत येणाऱ्या कागदात होतं: आण्णाप्पा मधाळे, निपाणी. बाहेरच्या यादीत नव्हतं.

संस्थेनं गाळलं नव्हतं. संस्थेला कधी पोचलंच नव्हतं. खाली माग चालू होते, खटखट, खटखट, आणि तिला ते बंद करा म्हणून ओरडावंसं वाटलं.

मग तिनं तेराशे बारा ओळी काढून वाचायला घेतल्या. आण्णाप्पा कोळी. आण्णाप्पा चौगुले. आण्णाप्पा, आण्णाप्पा, आण्णाप्पा. मध्येच आक्काबाई. मग आप्पाण्णा. पुन्हा आण्णाप्पा. दहाव्या ओळीपर्यंत तिला कळलं होतं, तरी ती वाचत राहिली.

नऊ वर्षांपूर्वी तिच्यापुढं एक अडचण होती. इकडं माणसाला नुसत्या नावानं कोण हाक मारतं! एका कागदावर भरमा, दुसऱ्यावर भरमाण्णा, तिसऱ्यावर भरमाप्पा, माणूस तोच. एकीकडं तानी, दुसरीकडं तानीबाई. जुळवायचं कसं? सुविधानं शक्कल काढली. नावाला लावलेला मान काढायचा. अण्णा, आप्पा, आक्का, बाई, जे काही असेल ते काढून टाकायचं आणि उरेल ते नाव. भरमाण्णाचा भरमा झाला, तानीबाईची तानी झाली, सगळं जुळलं. भरमाण्णानं त्या दिवशी ऑफिसला मिसळ खायला घातली होती.

पण आण्णाप्पा या नावातून अण्णा काढला आणि आप्पा काढला तर काय उरतं? काही नाही. त्या नावात मानाशिवाय दुसरं काही नव्हतंच. आणि त्याच्याच खाली तिनं आणखी एक ओळ लिहून ठेवली होती: नाव रिकामं असेल तर ती ओळ गाळा. टायपिंगवाले मध्ये मध्ये रिकाम्या ओळी सोडायचे म्हणून. दोन्ही ओळी आपापल्या जागी शहाण्या होत्या. दोघींनी मिळून या भागातला झाडून प्रत्येक आण्णाप्पा नऊ वर्षं गिळला होता, आणि त्यात तिचा जन्मदाता बाप होता.

निपाणीच्या पोरीनं करावी अशी चूक. दिल्लीच्या माणसाला अण्णा-आप्पा काढायचं सुचलंच नसतं.

ती उठून मोरीत गेली. नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. रडू आलं नाही, आलं असतं तर बरं झालं असतं. डोळ्यापुढं म्हातारा होता, पहाटेची आंघोळ करून, चालत शिबिराला जाणारा आणि तसाच परत येणारा. आणि रात्रीच्या जेवणाला त्याच्यासमोर बसून संस्थेला शिव्या घालणारी ती स्वतः होती.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. मान काढून काही उरत असेल तरच काढायचा, नाहीतर नाव जसं आहे तसं ठेवायचं. पुन्हा प्रोग्राम लावला. तेराशे बारापैकी नऊ ओळी खरोखरच्या रिकाम्या निघाल्या. बाकी तेराशे तीन माणसं होती, ती सगळी यादीत परत आली. तीन वाजून चाळीस मिनिटांनी यादी संस्थेला गेली. तिनं घरी फोन करून एवढंच सांगितलं की नाव लागलं, जेवायला वाढ त्यांना.

भरमाण्णा खुशीत होता. "आठ तासांचं एका मिनटात! म्याडम, तुम्ही म्हणजे कमालच करताय."

"अण्णा, तेराशे माणसं गळत हुती," सुविधा म्हणाली. "नऊ वर्सं. माझ्या एका ओळीपायी."

भरमाण्णाचा चेहरा उतरला. उठून त्यानं दार लोटलं. "कुणाला कळलंय?"

"न्हाय."

"मग झालं की. आता बरोबर झालंय न्हवं? मग कशाला वाच्यता करताय."

तिनं मान डोलावली. वाद घालण्याएवढं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

गुरुवारी ती रजा टाकून वडलांना घेऊन निपाणीला गेली. मंडपात बाकांवर दोनेकशे म्हातारी माणसं. टेबलामागं उभी असलेली चष्म्यातली बाई नावं पुकारत होती, आणि आवाजावरून सुविधानं ओळखलं, फोनवरच्या रचनाबाई त्या याच.

"आण्णाप्पा!" रचनाबाईंनी पुकारलं.

बाकांवरून अकरा म्हातारे उठले. एकमेकांकडं बघून सगळे हसायला लागले. मागून एक म्हातारी ओरडली, "मी आक्काबाई, मी बी उठू काय?" रचनाबाईंनीही कपाळाला हात लावला. "अवो, आजवर एक आण्णाप्पा बघितला न्हवता मी शिबिराला. यंदा कुठनं उगवलासा एवढे?"

सगळा मंडप हसला. सुविधाचे वडील तर खोकला येईपर्यंत हसले. तिच्यानं ते बघवेना. आडनावं लिहून घेऊन सगळ्यांना रांगेनं एका बाकावर बसवल्यावर ती वडलांपुढं उकिडवी बसली.

"आप्पा, तुमचं नाव संस्थेनं गाळलं न्हवतं."

"मग कुणी?"

तिनं सांगितलं. स्ट्रिंग नाही, प्रोग्राम नाही, एवढंच सांगितलं की नावातनं अण्णा आणि आप्पा काढून टाकायचं मी यंत्राला शिकवलं होतं, आणि तुमच्या नावात मग काही राहिलं नाही.

म्हाताऱ्यानं नवी टोपी काढून मांडीवर घेतली. त्याच्या उजव्या डोळ्यात औषध घातलेलं होतं, ते गालावर ओघळत होतं. ते औषधच होतं की काय, कुणास ठाऊक.

"म्हंजे डावा..."

"व्हय, आप्पा."

त्यानं हात पुढं करून चाचपडत तिचं डोकं शोधलं आणि त्यावर ठेवला. "मला सांगितलीस ते बरं केलीस. मी बाप हाय, माझं भागतंय. पर ह्या लोकांस्नी सांगू नको बाळ. त्यांचं भागायचं न्हाय."

तेवढ्यात त्याला आत बोलावलं. टोपी तिच्या हातात देऊन तो नर्सच्या खांद्याला धरून गेला. सुविधा त्याच्या रिकाम्या जागेवर बसली. शेजारचा आण्णाप्पा कागलकडच्या हद्दीवरच्या कुठल्याशा गावचा, धोतरातला, किडकिडीत. त्याचाही डावा डोळा पांढरा पडला होता.

"बाप व्हय तुमचा?" त्यानं विचारलं.

"व्हय, काका."

"बरं झालं यंदा तरी नाव लागलं. माझं चार वर्सं न्हवतं बघा. माझ्या थोरल्या भावाचा पोरगा मष्णू, पंचायतीत क्लार्क हाय. बांधावरनं आमचं जरा वाजलं हुतं, त्यो राग धरून त्यानं माझं नाव काढलं. मीबी मग त्याच्या दाराची पायरी चढलो न्हाय. गेल्या पावसाळ्यात भाऊ वारला माझा. मातीला गेलो न्हाय. त्या मष्णूचं तोंड बघायचं न्हवतं मला."

सुविधानं वडलांची टोपी मांडीवर ठेवली. भरमाण्णा काय म्हणाला ते तिला आठवत होतं, बाप काय म्हणाला तेही.

"काका," ती म्हणाली, "मष्णूनं न्हाय काढलं. मी काढलं."